नक्षी कागदाची, टाका हाताचा

१५८७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या एका पुस्तकात एक पेलिकन पक्षी आहे. चित्रकार काढतो तसा तो रेषेत काढलेला नाही. पानभर बारीक चौकोनांची जाळी आखलेली आहे. त्यातली काही घरं भरलेली, काही रिकामी, आणि तेवढ्यावर पक्षी उभा राहतो. सोबत एका ओळीची सूचना आहे: लांबीत ७० घरं, उंचीत ६५. म्हणजे एकूण ४,५५० घरं. ही ओळ आणि हे पान हाती असलं की राजवाड्यातली राणी असो नाहीतर दूरच्या गावात खिडकीशी बसलेली एखादी बाई असो, दोघींच्या कापडावर पेलिकन उतरणार तो हाच. जाळी जाड दोऱ्याची घेतली तर तो पलंगपोसावर मिरवेल, बारीक घेतली तर रुमालाच्या कोपऱ्यात बसेल. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला यातलं मर्म समजावून सांगावं लागत नाही. ठिपके किती आणि ओळी किती हे कळलं की रांगोळी उंबऱ्यापुरतीही होते आणि अंगणभरही.

पुस्तकाचा कर्ता फेदेरिको विंचोलो हा मूळचा व्हेनिसचा. त्याने पुस्तक अर्पण केलं होतं फ्रान्सची राणी लुईज हिला. पहिल्या भागात कापड कातरून, त्यातले धागे काढून करायच्या लेसचे नमुने आहेत, दुसऱ्या भागात जाळीवर भरायची चौकोनी चित्रं. पुढची अनेक दशकं हे पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं. आणि असं पुस्तक हे एकटंच नव्हतं. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत आउग्सबुर्ग, कोलोन, व्हेनिस, पॅरिस, झुरिक, रोम, न्युर्नबर्ग, लंडन अशा शहरांतून लेस आणि भरतकामाच्या नमुन्यांची शंभराहून अधिक वेगवेगळी पुस्तकं बाहेर पडली, आणि त्यांतल्या कितीतरींच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ग्रंथालयात ती हाती आली तर आधी वाटतं, चुकून कुणाची तरी वही आली. आकाराने लहान, पानं थोडी, मजकूर जेमतेम. पण मानवी हातांच्या इतिहासातलं एक मोठं वळण या चोपड्यांत आहे, असं मला मनापासून वाटतं. इथे नक्षी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर कापडापासून सुटी झाली आणि कागदावर बसून देशोदेशी निघाली.

त्याआधी नक्षी कापडावरून कापडावर जायची. एका घरातल्या चादरीची किनार दुसऱ्या घरातल्या मुलीने पाहिली, मोजली आणि आपल्या तुकड्यावर उतरवून घेतली. असे तुकडे जपून ठेवायची रीत होती. लांबट कापडावर इथे एक वेल, तिथे एक पक्षी, मध्येच किनारीचा एखादा वीतभर नमुना. पुढे गरज पडली की त्यातलं हवं ते शोधायचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉक हिने १५९८ साली भरलेला असा एक तुकडा आहे. साल भरलेल्या ब्रिटिश तुकड्यांपैकी तो सगळ्यांत जुना. ज्यांच्याकडे पैसा होता ते चित्रकाराकडून थेट कापडावर नक्षी रेखाटून घेत. ज्यांच्याकडे नव्हता त्यांचं जग ओळखीच्या चार घरांत दिसणाऱ्या नक्षीपुरतं मर्यादित होतं.

१५२३-२४ च्या सुमारास दक्षिण जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये योहान श्योनस्पर्गर या मुद्रकाने नमुन्यांची एक छोटी चोपडी छापली. आज माहीत असलेलं या प्रकारचं हे पहिलं छापील पुस्तक. त्याच नावाच्या त्याच्या वडिलांनी सम्राट माक्सिमिलियनसाठी १५१७ साली ‘थॉयरडांक’ हा देखणा राजग्रंथ छापला होता. बापाने सम्राटासाठी छापलं, मुलाने सुईसाठी. चारच वर्षांत, १५२७ पर्यंत, कोलोनमध्ये पेटर क्वेन्टेलने आणि व्हेनिसमध्ये जोव्हान्नी आन्तोनियो ताल्येन्तेने अशी पुस्तकं काढली होती.

या मुद्रकांची नावं नीट पाहिली की थक्क व्हायला होतं. १५२५ साली विल्यम टिंडल बायबलच्या नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर चोरून छापून घेत होता ते या क्वेन्टेलच्याच छापखान्यात. बातमी फुटली आणि छापलेले कागद घेऊन टिंडलला वर्म्स शहरी पळावं लागलं. दोन वर्षांनी त्याच छापखान्यातून किनारींचे नमुने बाहेर पडले. व्हेनिसच्या अलेस्सान्द्रो पागानिनोने १५३० च्या आसपास ‘इल बुरातो’ हे नमुन्यांचं पुस्तक काढलं, आणि याच अलेस्सान्द्रोने वडिलांसोबत १५३७-३८ मध्ये अरबी लिपीतलं संपूर्ण कुराण पहिल्यांदा छापलं. त्या कुराणाची एकुलती एक ज्ञात प्रत १९८७ साली व्हेनिसच्या एका मठाच्या ग्रंथालयात सापडली. झुरिकच्या क्रिस्टोफ फ्रोशाउअरने १५३१ साली संपूर्ण जर्मन बायबल छापलं होतं; लेस विणण्याचं एक फार महत्त्वाचं पुस्तक त्याच्याच छापखान्यातलं. व्हेनिसचा मात्तेओ पागानो नकाशे छापणारा होता. १५४९ चं त्याचं कैरो शहराचं भलंमोठं दृश्य प्रसिद्ध आहे, आणि कातरकामाच्या लेसचे नमुनेही त्याने छापले. ज्या यंत्रांवर धर्मग्रंथ निघत होते आणि जगाचा आकार कागदावर उतरत होता, त्याच यंत्रांवर उशीच्या अभ्र्याची किनारही निघत होती. छापखान्याने या दोन्हींत उच्चनीच मानलं नाही.

ताल्येन्तेची गोष्ट तर फारच बोलकी आहे. तो व्हेनिसमधला नावाजलेला सुलेखन-शिक्षक. त्याने अक्षर वळणदार कसं काढावं यावर पुस्तक लिहिलं, हिशेब शिकवणारं लिहिलं, घरच्या घरी वाचायला शिकावं म्हणूनही लिहिलं. भरतकामाचं पुस्तक याच माळेतलं. जे ज्ञान गुरूच्या किंवा उस्तादाच्या दारात बसून मिळवावं लागे, ते पुस्तकाने घरपोच करता येईल, हा त्या काळचा नवा आणि धाडसी विश्वास होता. वाचन, लेखन, गणित आणि सुई या चौघांना त्याने एकाच रांगेत बसवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता पुस्तक घरी आलं. त्यातली नक्षी कापडावर उतरवायची कशी? पागानिनोच्या एका पुस्तकात याचं उत्तर चित्रातच दिलेलं आहे. त्यात बायका कामाला बसल्या आहेत. कुणी खिडकीच्या उजेडासमोर कागदावर कापड ताणून मागची रेघ गिरवते आहे. कुणी भरतकामाच्या चौकटीखाली दिवा ठेवून खालून येणाऱ्या उजेडात नक्षी उतरवते आहे. कुणी कागदाला रेघेवरून टोचून बारीक भोकं पाडली आहेत आणि त्यांवर पूड घासते आहे. पूड भोकांतून खाली झिरपते आणि कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटते, मग ती रेघेने जोडायची. ही शेवटची रीत आपल्याकडच्या जरीकामाच्या कारखान्यांत आजही चालू आहे. ट्रेसिंग पेपर सुईने टोचतात आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा खडूची पूड बोळ्याने त्यावरून फिरवतात. त्या टोचलेल्या कागदाला कारागीर खाका म्हणतात.

मोजून भरायच्या नक्षीला तर खाकाही लागत नाही. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांनी घरं तयारच असतात. ‘बुरातो’ हे मुळी विरळ विणीच्या कापडाचं नाव होतं. त्या नावाच्या पुस्तकात नुसत्या चौकोनांच्या जाळ्यांची पानंही आहेत, एक जाळी बारीक तर दुसरी मोठी. वेगवेगळ्या पोताच्या कापडावर नक्षी केवढी दिसेल याचा अंदाज त्यांवरून बांधता येई, आणि मनातली नवी नक्षीही त्यांवर मांडता येई. रिकामं पान छापणाऱ्या मुद्रकाने आपल्या गिऱ्हाइकाबद्दल काय गृहीत धरलं होतं हे पाहिलं पाहिजे. पुस्तक घेणारी बाई केवळ उतरवून घेणार नाही, ती स्वतः रचणार आहे, हे त्याला माहीत होतं. १६२४ साली लंडनमध्ये निघालेल्या रिचर्ड शॉर्लेकरच्या पुस्तकात पक्षी, प्राणी, मासे, फुलं सुटी सुटी विखुरलेली आहेत आणि चौकोन आखून चित्र लहान-मोठं कसं करावं हेही सांगितलं आहे.

पण या उपयोगानेच पुस्तकांचा घात केला. पान टोचलं की फाटायला लागतं. पूड घासली की काळवंडतं. खिडकीशी लावायचं, कातरायचं, मैत्रिणीला द्यायचं, या सगळ्यात पुस्तक झिजून संपायचं. काही पुस्तकांची एखाददुसरीच प्रत उरली आहे, काहींची अर्धवट पानं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अशा पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. जगभरच्या संग्रहांत जपलेल्या काही प्रतींच्या पानांवर सुईची भोकं अजून दिसतात. जी पुस्तकं सर्वांत जास्त आवडली, ती सर्वांत आधी नाहीशी झाली असणार. त्यामुळे आज शिल्लक आहे त्यापेक्षा कितीतरी अधिक कागद त्या काळी युरोपभर बायकांच्या हातांतून फिरत होता.

या पुस्तकांची पानं उघडली की आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. विंचोलोची किंवा व्हेनिसच्या चेझारे वेचेल्लियोची लेस पानावर पांढरी असते आणि तिच्याभोवती गडद काळोख. सुरुवातीला मला हा निव्वळ सजावटीचा थाट वाटला. मग लाकडी ठशाची रीत समजून घेतली आणि कौतुक दुणावलं. ठशात जो भाग उंच राहतो त्याला शाई लागते, जो कोरून खोल केला तो कोरा राहतो. एक काळी रेघ हवी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकून मधली बारीक भिंत शाबूत ठेवावी लागते. हे काम जिकिरीचं, आणि भिंत मोडण्याचा धोका कायमचा. पांढरी रेघ हवी असेल तर मात्र एक सरळ चर पुरतो. लेस म्हणजे तर पांढऱ्या दोऱ्याच्या रेघाच रेघा! कोरणाऱ्याने दोऱ्याच्या वाटेने हत्यार चालवलं की झालं. एक दोरा, एक चर. कोरक्याला सोपं ते पाहणारीलाही सोयीचं, कारण गडद मखमलीवर ठेवलेली लेस डोळ्यांना जशी दिसते तशीच ती पानावर दिसते. लाकडाची गरज आणि दोऱ्याचा स्वभाव इतके जुळून आले की त्या काळ्या पानांवरची लेस उचलून घ्यावीशी वाटते.

त्या लेसची जन्मकथाही याच पुस्तकांतून पानापानाने उलगडते. आधी भरतकाम होतं, कापडावर दोरा. मग लिननच्या कापडातले काही उभे-आडवे धागे कापून काढू लागले. उरलेल्या धाग्यांची चौकट काजाच्या टाक्याने भक्कम करायची आणि मोकळ्या खिडक्यांत दोऱ्यांची चाकं, तारे, कमानी विणायच्या. धागे अधिकाधिक काढले जाऊ लागले, कापड कमी होत गेलं, मोकळी जागा वाढत गेली. शेवटी कुणाला तरी सुचलं की कापड लागतंच कशाला? चर्मपत्रावर नक्षी काढायची, तिच्या रेघांवरून जाड दोरा ठेवून तो बारीक टाक्यांनी चर्मपत्राला तात्पुरता टाचायचा, आणि मग त्या दोऱ्यांच्या सांगाड्यावर काजाचे टाके एकाला एक गुंफत जायचं. सुई चर्मपत्रात शिरतच नाही, वरच्या वर फिरते. काम पुरं झालं की चर्मपत्र आणि त्याच्या पाठीशी लावलेलं कापड यांच्यामधून पातं फिरवून टाचणीचे टाके तोडायचे. लेस अलगद सुटी होते. तिच्यात कापडाचा एक धागाही नसतो. व्हेनिसच्या लोकांनी याला नाव दिलं ‘पुन्तो इन आरिया’, हवेतला टाका.

वेचेल्लियोचं ‘कोरोना’ १५९१ साली व्हेनिसमध्ये निघालं तेव्हा ही हवेतली लेस पुरती बहराला आली होती. वेचेल्लियो हा विख्यात चित्रकार तिशियानचा नातलग. आदल्याच वर्षी त्याने देशोदेशींच्या पोशाखांवर एक मोठा सचित्र ग्रंथ काढला होता. कोण काय नेसतं हे त्याने इतकं बारकाईने पाहिलं होतं की गळपट्ट्याच्या टोकाला, बाहीच्या काठाला काय शोभेल हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्या पिढीच्या युरोपियन तसबिरी आठवून पाहा. चेहऱ्याभोवती खळ घालून ताठ केलेली पांढरी चक्रं, मनगटाशी दातेरी कडा. या पुस्तकांतली नक्षी अशा गळ्या-मनगटांवरच चढत होती.

लेसचं दुसरं मोठं घराणं म्हणजे बॉबिनची लेस. इथे सुई नसते. उशीवर टोचलेला नमुना ठेवायचा, जागोजागी टाचण्या खोचायच्या आणि लहान लहान दांड्यांवर गुंडाळलेले अनेक दोरे एकमेकांवरून, एकमेकांखालून नेत वेणीसारखे गुंफायचे. या लेसचं पहिलं छापील पुस्तक ‘ले पोम्पे’ व्हेनिसमध्ये १५५७ साली सेस्सा बंधूंनी काढलं. चारच वर्षांनी, १५६१ मध्ये, झुरिकला फ्रोशाउअरच्या छापखान्यातून एक जर्मन पुस्तक बाहेर पडलं. त्याची कर्ती आपलं नाव नुसतं आर. एम. एवढंच देते. ही बाई लेस शिकवत होती. प्रस्तावनेत ती सांगते की ही कला १५३६ साली व्हेनिस आणि इटलीहून आलेल्या व्यापाऱ्यांनी आपल्या मुलखात आणली. सुरुवातीचे नमुने साधे होते, मग बायका ते पाहून करत गेल्या आणि स्वतःच्या कल्पनेने वाढवत गेल्या. लेसच्या इतिहासकारांना आजही या बाईच्या चार ओळींपाशी यावं लागतं, कारण ही कला करणाऱ्या हातांनी तिच्या प्रवासाचा स्वतः सांगितलेला इतका जुना वृत्तान्त दुर्मीळ आहे. तिचं पुरतं नाव आपल्याला ठाऊक नाही, पण तिने पाहिलेलं साल आपण तिच्याच शब्दावर विसंबून सांगतो.

नक्षी एकदा कागदावर बसली की सीमा तिला अडवू शकल्या नाहीत. एका शहरातला नमुना दुसऱ्या शहरातला मुद्रक बिनदिक्कत पुन्हा कोरून घेई, ठसे हस्तांतरित होत, उलटे छापले जात, नव्या नावाने बाजारात येत. न्युर्नबर्गच्या योहान सीबमाखरने १५९७ साली आणि पुन्हा १६०४ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले नमुने प्रसिद्ध केले. तांब्यावर लाकडापेक्षा बारीक रेघ निघते, त्यामुळे त्याची घरं काटेकोर आणि नेटकी आहेत. त्याचे नमुने १६३१ साली लंडनमध्ये ‘द नीडल्स एक्सलन्सी’ या पुस्तकात अवतरले, आणि त्यात सुईची थोरवी गाणाऱ्या कविता लिहिल्या होत्या जॉन टेलरने. टेलर हा टेम्स नदीवर होडी वल्हवून पोट भरणारा माणूस, लोक त्याला पाण्यावरचा कवी म्हणत. जर्मन कोरक्याची नक्षी आणि लंडनच्या नावाड्याची कविता एकाच पुस्तकात इंग्रज घरांमधल्या मुलींपर्यंत पोचली.

त्याही आधीचा प्रवास आणखी लांबचा आहे. युरोपच्या या पहिल्यावहिल्या पुस्तकांत एकमेकांत गुंतलेल्या वेलींची, न संपणाऱ्या गाठींची जी नक्षी दिसते ती इस्लामी जगातून आली. व्हेनिसच्या बंदरात पूर्वेकडची धातूची भांडी, गालिचे, पुस्तकांच्या बांधण्या उतरत होत्या, आणि त्यांवरच्या वेली युरोपियन चित्रकारांना भुरळ घालत होत्या. १५३० साली पॅरिसमध्ये फ्रांचेस्को पेल्लेग्रिनोने काढलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच ही नक्षी अरबी आणि इटालियन धाटणीची असल्याचं अभिमानाने म्हटलं आहे. ताल्येन्तेही मूरिश आणि अरबी गाठींचा उल्लेख करतो. हान्स होल्बाइनने १५३६ च्या सुमारास रंगवलेल्या राणी जेन सीमोरच्या तसबिरीत तिच्या बाहीच्या टोकाला पांढऱ्यावर काळ्या दोऱ्याची मोजून भरलेली नक्षी आहे, इतकी स्पष्ट की आजही तिच्यावरून टाके मोजता यावेत. दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या त्या टाक्याला पुढे होल्बाइनचंच नाव चिकटलं. टाका घालणारीचं नाव कुठे नोंदलं गेलं नाही.

म्हणूनच जिथे बाईचं नाव ठसठशीत छापलेलं सापडतं तिथे थांबावंसं वाटतं. रोममध्ये इझाबेल्ला पारासोलेने १५९५ पासून पुढची वीस वर्षं नमुन्यांची पुस्तकं एकापाठोपाठ एक प्रसिद्ध केली. नक्षी तिची आणि मुखपृष्ठावर नावही तिचंच. १६१६ चं तिचं ‘तेआत्रो’ स्पेनच्या युवराज्ञीला अर्पण केलेलं आहे. तिच्या सुईच्या लेसचे आणि बॉबिनच्या लेसचे नमुने इतके डौलदार आहेत की चारशे वर्षांनंतरही लेस विणणाऱ्या बायका ते कामाला घेतात. न्युर्नबर्गमध्ये १६६० च्या दशकात रोझिना हेलेना फ्युर्स्टने स्वतःच्या नावाने नमुन्यांची पुस्तकं काढली. तिचे वडील पाउल फ्युर्स्ट हे मुद्रक. प्लेगच्या साथीतल्या चोचीच्या मुखवट्यावाल्या डॉक्टरचं ते जगप्रसिद्ध चित्र १६५६ साली त्यांनीच छापलं होतं.

रोझिनाची बहीण माग्दालेना ज्या बाईकडे चित्रकला शिकली, तिचं नाव मारिया सिबिला मेरियान. मेरियान न्युर्नबर्गमध्ये मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवत होती. १६७५ पासून तिने फुलांच्या चित्रांचं पुस्तक भागाभागाने काढलं, आणि त्या फुलांचा एक मोठा उपयोग भरतकामाचे नमुने म्हणून होता. फूल भरायचं तर ते आधी नीट पाहावं लागतं. पाकळी कुठे वळते, देठाला पान कोणत्या कोनात फुटतं, पानाच्या कडेला कुरतडलेलं कुठे असतं. कुरतडणाऱ्या अळीकडे मेरियानची नजर तेराव्या वर्षापासूनच लागलेली होती. अळी, कोष आणि फुलपाखरू ही एकाच जिवाची रूपं तिने वर्षानुवर्षं स्वतः पाळून, रेखाटून नोंदवली. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि १७०५ साली तिथल्या कीटकांच्या रूपांतरावरचा तिचा ग्रंथ आम्सटरडॅमला प्रसिद्ध झाला. कीटकशास्त्राच्या पायाभरणीत त्याचं नाव घेतात. त्या नजरेचा काही रियाझ सुईदोऱ्यासाठी फुलं काढताना झाला होता, हे विसरून चालणार नाही.

एवढं सगळं या पुस्तकांत आहे. मग नाही काय? उत्तर चकित करणारं आहे: टाका कसा घालायचा हे जवळपास कुठेच सांगितलेलं नाही. ताल्येन्ते टाक्यांची नावं भराभर मोजतो. सायप्रसचा टाका, पुलियाचा टाका, उठावाचा टाका, हवेतला टाका. पण सुई कुठून काढायची आणि दोरा कुठे अडकवायचा याबद्दल अवाक्षर नाही. विंचोलो पेलिकनची घरं मोजून देतो, घर भरायचं कसं ते सांगत नाही. कुणी लिहायचा कंटाळा केला असं नव्हे. ते ज्ञान प्रत्येक घरात होतं. आई, मावशी, मठातली शिक्षिका यांच्या हाताशी बसून ते बोटांत मुरत होतं. मुद्रकाला ते छापावंसं वाटलं नाही, कारण ते कधी हरवेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पण ते हरवायच्या बेतात आलं होतं. व्हेनिसच्या खाडीतलं बुरानो हे मासेमारांचं बेट लेससाठी नावाजलेलं. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक कोसळलं, फॅशन बदलली, पुढे यंत्राची लेस स्वस्तात मिळू लागली आणि बेटावरचं काम थांबत गेलं. १८७२ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात खाडी गोठली, मासेमारी बंद पडली, लोक उपाशी राहू लागले. मदतीसाठी पुढे आलेल्यांना सुचलं की बेटाची जुनी कला परत उभी करावी, म्हणजे बायकांच्या हाताला काम मिळेल. नमुन्यांची वानवा नव्हती. वेचेल्लियोची, पागानोची, पारासोलेची पानं ग्रंथालयांत होती आणि त्यांतली नक्षी अजून स्वच्छ दिसत होती. प्रश्न होता टाक्याचा. शोध घेतला तेव्हा तो येणारी एक म्हातारी सापडली: चेन्चा स्कार्पारियोला, वय सत्तरीच्या घरात. तिला शब्दांत समजावून सांगणं जमत नव्हतं, करून दाखवणं जमत होतं. मग आन्ना बेल्लोरियो देस्ते ही शाळामास्तरीण तिच्याशेजारी बसली, तिच्या बोटांकडे पाहत राहिली, टाका स्वतः शिकली आणि मग तिने आठ मुलींना शिकवला. त्यातून बुरानोची लेसशाळा उभी राहिली. काउंटेस आद्रियाना मार्चेल्लोने ती सांभाळली, इटलीची राणी मार्गेरिता हिने आश्रय दिला, आणि पुढे शेकडो बायका तिथे काम करू लागल्या. शाळा १९७० पर्यंत चालली. त्या वास्तूत आता लेसचं संग्रहालय आहे.

चौकोनांच्या जाळीने नक्षीला पाय दिले, ठशाने ती हजारो घरांत नेली, आउग्सबुर्गच्या एका चोपडीने सुरू केलेल्या वाटेवर पूर्वेकडची गाठ लंडनच्या उशीवर जाऊन बसली. हे कागदाचं कर्तृत्व अफाट आहे. पण त्याच कागदाने तीनशे वर्षं सांभाळलेली नक्षी एका हाताशिवाय मुकी होती, हेही बुरानोने दाखवून दिलं. आज आपल्या घरांतही असं पुष्कळ काही आहे ज्याचे नमुने छापलेले, चित्रित केलेले, जपलेले आहेत, आणि जे करणारे हात मात्र एकेक करून थकत चालले आहेत. नमुना जपणं महत्त्वाचं आहेच. पण कुणी तरी शेजारी बसून तो टाका शिकून घेतला पाहिजे, आणि ते काम येणारा माणूस हयात असेपर्यंतच होऊ शकतं.